थाप आधी, पखवाज मागसून: एका स्पीकर-जोडीच्या क्रॉसओव्हरचे प्रकरण

मालवण तालुक्यातील एका किनारी गावात, डबलबारीच्या भजनांसाठी आसपास ओळखल्या जाणाऱ्या एका मंडळाने घराच्या मागच्या पडवीत रेकॉर्डिंगसाठी छोटी खोली केली आहे. भिंती चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौले, आतून जुन्या गोधड्या आणि काथ्याच्या चटया. खोलीत रेकॉर्डिंग तपासून ऐकण्यासाठी स्पीकरची एक जोडी आहे. ती बाजारात मिळालेल्या सुट्या भागांतून जोडलेली होती: १६५ मिलिमीटरचा कागदी शंकूचा वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर), २५ मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्विटर (वरच्या स्वरांचा), १८ लिटरची पेटी, मागच्या बाजूला हवेचे भोक म्हणजे पोर्ट, आणि आत या दोघांत स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरची तयार मिळणारी पट्टी. मंडळाचे बुवा पखवाजही उत्तम वाजवतात. स्वतःचे वादन या स्पीकरवर प्रथम ऐकल्यावर ते म्हणाले, "ह्यो आवाज माझ्या पखवाजाचो न्हय. थाप आधी येता, पखवाज मागसून येता."

रेकॉर्डिंगचे काम बुवांचा भाचा सांभाळतो. त्याने मला बोलावले तेव्हा ही तक्रार शब्दशः सांगितली, आणि मी ती ऐकताच निदान करून मोकळा झालो. ट्विटरचा आवाज आधी आणि वूफरचा नंतर पोहोचतो, हे क्रॉसओव्हरच्या दोषाचे पाठ्यपुस्तकी लक्षण आहे असे मला वाटले. हे निदान अर्धे बरोबर होते. उरलेले अर्धे चुकल्यामुळे कामाला जवळपास एक महिना अधिक लागला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

कागदावरची बाजू

एकच शंकू खालपासून वरपर्यंतचे सर्व स्वर नीट वाजवू शकत नाही, म्हणून क्रॉसओव्हर संकेताचे दोन भाग करतो. खालचा भाग वूफरकडे जातो आणि वरचा ट्विटरकडे. हे दोन भाग ऐकणाऱ्याच्या कानाशी पुन्हा एकत्र आल्यावर मूळ तरंगाचा आकार जसाच्या तसा उभा राहतो का, हा अल्पकालिक प्रतिसादाचा प्रश्न आहे. पखवाजाची थाप किंवा झांजेचा ठोका म्हणजे क्षणात चढणारा तरंग असतो आणि त्यात सर्व कंप्रता एकाच वेळी सुरू होतात. त्यांपैकी काही मागे राहिल्या तर तरंगाचा आकार बदलतो, जरी प्रत्येक कंप्रतेची पातळी अचूक असली तरी.

६ डेसिबल प्रति सप्तक उताराचा, म्हणजे पहिल्या श्रेणीचा क्रॉसओव्हर याबाबतीत गणिताने निर्दोष आहे. त्याच्या खालच्या आणि वरच्या भागांची बेरीज पातळीने आणि कलेनेही (म्हणजे तरंगाच्या चढ-उताराच्या वेळेनेही) बरोबर एक येते, त्यामुळे चौरस तरंग आत गेला तर चौरसच बाहेर येतो. याउलट २४ डेसिबल प्रति सप्तक उताराच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हरची बेरीज पातळीने सपाट असली तरी ती 'ऑल-पास' असते, म्हणजे सर्व कंप्रता सारख्या पातळीने पण वेगवेगळ्या विलंबाने बाहेर पडतात. ही रचना ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये अभियंते होते, आणि लिंकविट्झ यांचा शोधनिबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी रिचर्ड स्मॉल यांनी १९७१ मध्ये, आणि नंतर लिपशिट्झ आणि व्हँडरकुय यांनी १९८३ मध्ये, मूळ संकेतातून एक भाग वजा करून दुसरा मिळवण्याच्या पद्धतींचा अभ्यास मांडला. साध्या वजाबाकीत एका बाजूचा उतार ६ डेसिबलवरच अडतो. वजाबाकीपूर्वी मूळ संकेताला योग्य विलंब दिला की तो तीव्र करता येतो, हे दुसऱ्या निबंधातले महत्त्वाचे पाऊल होते.

पहिल्या श्रेणीचे गणित सुंदर आहे, पण त्याच्या अटी जड आहेत. दोन्ही स्पीकर संधीच्या, म्हणजे दोघे जिथे जुळतात त्या कंप्रतेपलीकडेही दोन-तीन सप्तके सपाट असले पाहिजेत, त्यांची ध्वनिकेंद्रे, म्हणजे जिथून आवाज निघतो ते बिंदू, कानापासून समान अंतरावर हवीत, आणि ऐकणाऱ्याने जागा सोडता कामा नये. ही शेवटची अट ग्रंथांत एका ओळीत उरकलेली असते. आमच्या प्रकरणात तीच निर्णायक ठरली.

खळ्यातली मोजणी

खोलीत मोजणी केली असती तर भिंतींचे परावर्तन स्पीकरच्या दोषांत मिसळले असते. म्हणून घरासमोरच्या खळ्याच्या मधोमध बांबूचा मांडव करून पेटी दोन मीटर उंचीवर ठेवली आणि मायक्रोफोन त्याच उंचीवर एक मीटर समोर धरला. या मांडणीत जमिनीवरून परतणाऱ्या आवाजाचा मार्ग ४.१२ मीटर होतो, म्हणजे थेट मार्गापेक्षा ३.१२ मीटर जास्त, आणि तो सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यापूर्वीचा भाग कापून घेतला की परावर्तनमुक्त प्रतिसाद हाती येतो. किंमत एवढीच की अंदाजे ११० हर्ट्झच्या खाली या मोजणीला काही दिसत नाही. त्याखालच्या भागासाठी मायक्रोफोन शंकूपासून अर्ध्या सेंटिमीटरवर आणि मग पोर्टच्या तोंडाशी धरून वेगळी मोजणी करावी लागते. ही जवळून मोजण्याची पद्धत डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये मांडली. मी ती त्या दिवशी केली नाही. क्रॉसओव्हरच दोषी आहे अशी खात्री असताना तळाचे स्वर कोण मोजत बसणार, असा विचार मनात होता.

किनाऱ्यावर मोजणी करणाऱ्याला समुद्राची गाज सोडत नाही. ती सर्व कंप्रतांत पसरलेली आणि कधीही न थांबणारी असते. आम्ही मार्गशीर्षातली ओहोटीची रात्र निवडली आणि हळूहळू वर चढत जाणारा स्वर, म्हणजे आंजेलो फारिना यांनी २००० साली प्रचारात आणलेला घातांकी स्वीप, आठ वेळा वाजवून त्यांची सरासरी घेतली. दर वेळी संख्या दुप्पट केली की गोंगाट ३ डेसिबलने खाली जातो, म्हणजे आठ फेऱ्यांत ९ डेसिबल मिळतात. हवा २२ अंशांची होती, त्यामुळे ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला. किनारी दमटपणामुळे या वेगात जो फरक पडतो तो आपल्या कामासाठी नगण्य आहे. दमटपणा स्पीकरला छळतो तो दुसऱ्या वाटांनी, आणि त्याबद्दल शेवटी लिहितो.

मोजणीत दोन गोष्टी लगेच दिसल्या. वूफरचे ध्वनिकेंद्र ट्विटरच्या मागे २८ मिलिमीटर होते, म्हणजे त्याचा आवाज ८१ मायक्रोसेकंद उशिरा येत होता. त्याहून गंभीर गोष्ट अशी की २.६ किलोहर्ट्झवर ९ डेसिबलचा खड्डा होता. पखवाजाच्या थापेला जी चाट असते, बोटांचा जो चामड्यावरचा स्पष्ट स्पर्श ऐकू येतो, त्याचा बराच भाग याच पट्ट्यात असतो. स्टेप रिस्पॉन्सच्या, म्हणजे संकेत एकदम वर नेल्यावर स्पीकर काय करतो त्याच्या आलेखात ट्विटरचे टोक आधी खाली झेपावत होते आणि मग वूफरचा उंचवटा वर येत होता, म्हणजे दोघे चक्क विरुद्ध दिशांना ढकलत होते.

याचे कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तयार पट्टी १२ डेसिबल उताराची होती आणि त्या उतारासाठी ग्रंथात सांगितल्याप्रमाणे ट्विटरची धन-ऋण जोडणी उलटी ठेवलेली होती. पण ग्रंथातला उतार विद्युत परिपथाचा असतो, आणि कानाला ऐकू येतो तो परिपथाचा आणि स्पीकरच्या स्वतःच्या घसरणीचा एकत्रित उतार. हा ट्विटर ९०० हर्ट्झच्या आपल्या अनुनादाखाली, म्हणजे नैसर्गिक डोलण्याच्या कंप्रतेखाली, स्वतःच १२ डेसिबलने उतरतो आणि वूफरही वरच्या बाजूला आपल्या परीने खचतो. म्हणून प्रत्यक्ष ध्वनीचा उतार चौथ्या श्रेणीजवळ पोहोचला होता, आणि त्या श्रेणीला उलटी जोडणी म्हणजे खड्ड्याची हमी असते. ट्विटरच्या दोन तारा अदलाबदल केल्यावर २.६ किलोहर्ट्झवरचा खड्डा एक डेसिबलच्या आत आला. शेजारी साडेतीन किलोहर्ट्झवर ३ डेसिबलचा उंचवटा मात्र उरला, म्हणून क्रॉसओव्हर मुळातून पुन्हा करणे भाग होते.

तीन उमेदवार

कॉइल गुंडाळण्यापूर्वी डिजिटल प्रक्रियेच्या छोट्या बोर्डावर आणि चार वाहिन्यांच्या ॲम्प्लिफायरवर प्रयोग करावेत असे ठरवले. संधीची कंप्रता २२०० हर्ट्झ घेतली आणि तीन मांडण्या तयार केल्या. पहिली लिंकविट्झ-रायली चौथी श्रेणी होती, जिच्यात ट्विटरला ८१ मायक्रोसेकंदांचा विलंब दिलेला होता. दुसरी ध्वनीच्या पातळीवर खरोखर पहिल्या श्रेणीची होती, त्यासाठी दोन्ही स्पीकरना आवश्यक ती दुरुस्ती दिली होती. तिसरी मांडणी म्हणजे पहिलीच, पण तिचा ऑल-पास विलंब उलटवून टाकणारे २५६ टॅपचे, म्हणजे २५६ गुणकांचे, एफआयआर या प्रकारचे डिजिटल फिल्टर संपूर्ण संकेतावर बसवलेले. ४८ किलोहर्ट्झच्या नमुना-दराला या फिल्टरमुळे सर्व आवाज अडीच मिलिसेकंदांपेक्षा किंचित जास्त उशिरा येतो. रेकॉर्डिंग ऐकण्यासाठी तो विलंब निरुपद्रवी आहे.

आलेखावर दुसरी आणि तिसरी मांडणी देखणी होती. स्टेप रिस्पॉन्स एका झटक्यात वर चढून सावकाश उतरणारा, वाळूचा ढीग एका बाजूने कापावा तसा. पहिल्या मांडणीत ट्विटरचे अणकुचीदार टोक आधी आणि वूफरचा घुमट मागून, असे दोन उंचवटे स्पष्ट दिसत होते. हे चित्र पाहून भाच्याने लगेच निकाल दिला, "मामा म्हणत होते ते हेच." मीही मान डोलावली. अशी चित्रे फार पटतात, आणि माझा त्यांच्यावरचा अविश्वास तिथूनच सुरू झाला.

कारण आकड्यांत पाहिले तर २२०० हर्ट्झवरच्या लिंकविट्झ-रायलीचा विलंब खालच्या स्वरांना ०.२ मिलिसेकंद आणि सर्वांत जास्त, १४०० हर्ट्झच्या आसपास, ०.२५ मिलिसेकंद असतो. ब्लाउअर्ट आणि लॉज यांनी १९७८ मध्ये ऐकणाऱ्यांवर घेतलेल्या चाचण्यांत असा विलंब जाणवायला लागण्याची मर्यादा २ किलोहर्ट्झला सुमारे १ मिलिसेकंद आणि ५०० हर्ट्झला ३.२ मिलिसेकंद निघाली होती. आमचा विलंब त्या मर्यादेच्या बराच खाली होता. पाव मिलिसेकंदाला "मागसून येता" म्हणणारा कान असू शकतो, पण ते गृहीत धरण्याऐवजी तपासणे बरे.

तपासणीसाठी पहिली आणि तिसरी मांडणी समोरासमोर ठेवली, कारण त्यांची पातळी सर्व दिशांना जवळपास एकच आहे आणि फरक केवळ कलेचा आहे. पडद्याआड कोणती वाजते हे नाणे उडवून ठरवले आणि सोळा फेऱ्या घेतल्या. निव्वळ अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून बाराची मर्यादा आधीच ठरवून ठेवली होती. पखवाज आणि झांजेच्या रेकॉर्डिंगवर बुवांची नऊ आणि भाच्याची सात उत्तरे बरोबर आली. बुवांनी मधूनच विचारले, "दोन्ही एकच मां?" चौथ्या श्रेणीचा कलादोष त्यांना ऐकू येत नव्हता.

खुर्ची आणि चटई

पहिल्या श्रेणीच्या मांडणीचा निकाल वेगळ्या कारणाने लागला. बुवा चटईवर मांडी घालून ऐकतात, भाचा संगणकासमोर खुर्चीवर बसतो. दोघांच्या कानांच्या उंचीत सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. दीड मीटर अंतरावर हा कोन सव्वाअकरा अंशांचा होतो, आणि वूफर व ट्विटरच्या केंद्रांत १७० मिलिमीटर अंतर असल्यामुळे त्यांच्या मार्गांत ३३ मिलिमीटरचा फरक येतो. २२०० हर्ट्झवर तो सुमारे ७५ अंशांचा कलाभेद आहे.

लिंकविट्झ-रायलीत दोन्ही स्पीकर संधीवर समकला असतात, म्हणून ७५ अंशांनी बेरीज फक्त २ डेसिबलने घटते. पहिल्या श्रेणीत मात्र ते मुळातच ९० अंशांनी वेगळे असतात आणि ट्विटर पुढे असतो. ऐकणाऱ्याचे डोके वर गेले की ट्विटर आणखी पुढे सरकतो, एकूण फरक १६५ अंशांवर जातो आणि तिथे जवळपास १५ डेसिबलचा खड्डा पडतो. डोके तितकेच खाली नेले तर फरक १५ अंशांवर येऊन उलट ३ डेसिबलची वाढ होते. शिवाय उतार मंद असल्यामुळे दोन्ही स्पीकर दोन-तीन सप्तके एकत्र वाजत राहतात आणि हा गोंधळ रुंद पट्ट्यात पसरतो. बुवांसाठी जुळवलेली मांडणी भाच्याने खुर्चीवरून ऐकली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "ट्विटर गेला का?" म्हणजे अल्पकालिक अचूकता कमावली ती चटईवरच्या एका बिंदूसाठी, आणि गमावली ती उरलेल्या सगळ्या खोलीसाठी.

ट्विटरच्या जिवाचा विचारही होता. ९०० हर्ट्झच्या अनुनादावर पहिली श्रेणी त्याला केवळ साडेआठ डेसिबलचे संरक्षण देते, तर लिंकविट्झ-रायली ३१ डेसिबलचे. अनुनाद संधीपासून जेमतेम सव्वा सप्तकावर असलेल्या ट्विटरला ६ डेसिबलच्या उताराने झांजा वाजवायला लावणे मला रुचले नाही.

पहिली मांडणी निश्चित झाली. पण बुवा समाधानी नव्हते. "चाट इली. बायां अजून मागसूनच येता," ते म्हणाले.

मागसून येणारे काय होते

बायां, म्हणजे पखवाजाची डावी, कणीक लावलेली पुडी. तिचा मुख्य स्वर आमच्या रेकॉर्डिंगमध्ये ८० हर्ट्झच्या आसपास होता, आणि क्रॉसओव्हरचा त्या भागाशी काडीचाही संबंध नाही. पहिल्या रात्री टाळलेली जवळची मोजणी आता करावी लागली. वूफरच्या विद्युत विरोधाच्या (इम्पिडन्सच्या) आलेखात दोन शिखरांमधली दरी ६२ हर्ट्झवर होती, म्हणजे पोर्ट तिथे जुळवलेला होता. वूफरचा एकूण क्यू, म्हणजे शंकूचे डोलणे किती लवकर आटोक्यात येते हे सांगणारा आकडा, ०.४८ निघाला. असा वूफर पोर्टच्या पेटीत ठेवला की तळाला उंचवटा येतो. इथे ७० हर्ट्झच्या जवळ तो ५ डेसिबलचा होता आणि विलंब ६० हर्ट्झला १६ मिलिसेकंद. पाव मिलिसेकंदासाठी आम्ही पडदा बांधून नाणी उडवत होतो, आणि त्याच्या साठपटीहून मोठा विलंब पेटीच्या मागच्या भोकातून येत होता. थाप थांबल्यावरही पोर्टमधली हवा डोलत राही आणि बुवांना ती मागून येणाऱ्या पखवाजासारखी ऐकू येई. त्यांचे वाक्य पहिल्या दिवसापासून बरोबर होते. "थाप" म्हणजे ट्विटर आणि "पखवाज" म्हणजे वूफर हे भाषांतर माझे होते.

उपाय लाजिरवाणा वाटावा इतका सोपा निघाला. वूफरचा अनुनाद ४८ हर्ट्झ आणि हवेशी समतुल्य घनफळ (शंकूच्या आधाराइतकीच लवचीक हवा) २० लिटर असल्याने बंद पेटीत ०.७ क्यूसाठी सुमारे पावणेअठरा लिटर लागतात, आणि पेटी अठरा लिटरचीच होती. पोर्टमध्ये जुना पंचा घट्ट कोंबला. ६० हर्ट्झचा विलंब साडेतीन मिलिसेकंदांवर आला. खालची मर्यादा ७० हर्ट्झवर सरकली, पण पखवाजाच्या खाली या खोलीत काही वाजतच नाही. बुवांनी एक आवर्तन ऐकले आणि रेकॉर्डिंग थांबवायला न सांगता स्वतः पखवाज मांडीवर ओढून घेतला. पुढे पंचाऐवजी लाकडी बूच बसवले.

प्रत्यक्ष बांधणी

डिजिटल बोर्ड कायमचा ठेवण्याइतका मंडळाचा खर्च नव्हता, म्हणून हाच ध्वनी-उतार कॉइल-कपॅसिटरच्या परिपथात उतरवला. इथे सूत्रांनी मिळणारी मूल्ये फसवतात. २२०० हर्ट्झला वूफरचा विरोध नावाप्रमाणे ८ नव्हे तर १२ ओहमच्या वर होता, कारण व्हॉइस कॉइलचे प्रेरकत्व. त्याला समांतर ७.५ ओहम आणि १५ मायक्रोफॅरडची झोबेल शाखा जोडल्यावर विरोध सपाट झाला. त्यानंतर वूफरला १.२ मिलिहेन्री आणि १० मायक्रोफॅरड, ट्विटरला ८.२ मायक्रोफॅरड आणि ०.४ मिलिहेन्री, एवढ्यावर मोजलेला उतार लक्ष्याशी जुळला. विद्युत श्रेणी दोन्हीकडे दुसरीच आहे आणि उरलेली श्रेणी स्पीकर स्वतः भरून काढतात. जुन्या पट्टीवर जे घडले त्याचीच ही दुसरी बाजू आहे, फक्त या वेळी जोडणी सरळ आहे. जोडणी बरोबर आहे याची खात्री ट्विटर मुद्दाम उलटा जोडून केली, आणि संधीवर वीस डेसिबलहून खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा पडला. असा खड्डा पडला म्हणजे सरळ जोडणीत दोघे समकला आहेत.

परिपथात ८१ मायक्रोसेकंदांचा विलंब देणे खर्चिक असते. त्याऐवजी पेटी मागे कलवली. २८ मिलिमीटरचा फरक १७० मिलिमीटरच्या अंतरावर भरून काढायला साडेनऊ अंश पुरतात. गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाच्या पाचरी त्या कोनात कापून दिल्या, आणि पुढच्या पेटीसाठी एमडीएफ घेऊ नये असा सल्लाही दिला. तो योग्य आहे. पावसाळ्यात एमडीएफच्या कडा फुगतात आणि ट्विटरभोवतीची फट उघडते.

आश्विनात, पाऊस सरल्यावर, पुन्हा मोजणी केली. उतार आणि संधी जिथल्या तिथे होत्या. जुन्या पट्टीवर १० मायक्रोफॅरड लिहिलेला नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आम्ही काढून ठेवला होता, तो ८.१ भरला. नवे फिल्म कपॅसिटर हलले नव्हते. डाव्या पेटीच्या मागच्या जोडणीवर खाऱ्या हवेचा हिरवा थर चढला होता, तो घासून काढला. खुर्चीच्या उंचीवरची २ डेसिबलची घट अजून आहे. भाच्याने चटईवर बसून मिक्स करायचे दोनदा ठरवले, आणि दोन्ही वेळा पाठ दुखते म्हणून खुर्चीवर परतला.